गुडघ्यांसकट गुहेत

माझं गुहेतलं काम नकाशा काढायचं. एकजण पुढं जाऊन भिंतीवर खूण धरतो, दुसरा डिस्टोएक्स नावाच्या हातातल्या यंत्रानं अंतर, दिशा आणि चढउतार मोजून आकडे सांगतो आणि मी वहीत ती जागा उतरवते. भिंत कुठं आत वळते, छत किती उंचावर आहे, पाणी कुठून येऊन कुठं जातं, तळाला वाळू आहे की दगडांचा खच, सगळं त्या पानावर यावं लागतं. ऐकणाऱ्याला हे बैठं काम वाटतं. प्रत्यक्षात ते गुडघ्यांवरचं काम आहे. या खुणेपासून त्या खुणेपर्यंत रांगत जायचं, तिथं गुडघे टेकायचे, वही मांडीवर धरून पाच-दहा मिनिटं तसंच राहायचं, चित्र झालं की पुन्हा रांगायचं. मेघालयात जयंतिया टेकड्यांतल्या गुहांत हे सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालतं. तिथली क्रेम लियात प्राह ही एकच गुहा 30 किलोमीटरहून जास्त मोजून झाली आहे, आणि ते सगळं अंतर कुणीतरी असंच खुणेखुणेनं वहीत उतरवलेलं आहे.

कोल्हापुरात राहून हा नाद कसा लागला, असं लोक विचारतात. आपल्या भागात सगळा काळा पाषाण आणि त्यावर जांभ्याचे सडे. पोहाळ्याची लेणी, मसाई पठाराच्या पोटातला पांडवदरा, ही माणसाच्या हातची कामं. पाण्यानं दगड विरघळून झालेली मोठी गुहा बघायची तर चुनखडी हवी, म्हणजे आंध्रातलं बेलम नाहीतर थेट मेघालय. त्यातल्या त्यात जवळ म्हणजे बेळगाव जिल्ह्यातल्या भीमगडच्या जंगलातली बारापेडे गुहा, पण तिथं रॉटनची वटवाघळं राहतात. ती जगात मोजक्याच ठिकाणी सापडतात, म्हणून तिथं आमच्यासारख्यांनी पाय टाकायचा नाही, हे ठरलेलं आहे. तेव्हा वर्षभर पन्हाळा-मसाई चालायचं, दोराचा सराव करायचा आणि फेब्रुवारीत, पाणी उतरलेलं असताना, मेघालय गाठायचं, असा आमचा क्रम. चाळिशी ओलांडली तरी तो सुटलेला नव्हता.

एका मोहिमेहून परत आल्यावर उजवा गुडघा दुखायला लागला. जोतिबाच्या पायऱ्या उतरताना वाटीच्या मागं कळ यायची. चढताना कमी, उतरताना जास्त. घरी चित्रपट बघत तासभर पाय दुमडून बसले की उठताना गुडघा आखडलेला. त्याच वेळी वाटीच्या पुढच्या बाजूला, कातडीखाली, एक मऊ फुगवटा आला होता. तो दुखायचा नाही, पण देवापुढं गुडघा टेकला की तिथं नकोसं वाटायचं. मी हे सगळं एकच दुखणं समजत होते. घरातले, मैत्रिणी, सगळेच तसं समजत होते: गुडघा धरलाय, आता वय झालं.

पहिल्यांदा ज्या डॉक्टरांना दाखवलं त्यांनी एमआरआय करून आणायला सांगितला. रिपोर्टात गुडघ्यातल्या हाडांमधल्या, आतल्या बाजूच्या गादीला चीर आहे असं लिहून आलं. त्यांनी तो वाचला आणि दुर्बिणीतून ऑपरेशन करून घ्या, हे रांगणं-बिंगणं कायमचं बंद करा, असं सांगितलं. गुडघ्याला हात लावून बघितला नाही, कुठल्या हालचालीनं दुखतं हेही विचारलं नाही. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. ऑपरेशनची भीती होतीच, पण ज्या कामानं दुखणं आलं ते काम काय आहे हे समजून घेण्याची गरजच कुणाला वाटू नये, हे जास्त लागलं.

दुसरं मत घेतलं ते बरं झालं. या डॉक्टरांनी आधी टेबलावर झोपवून दोन्ही गुडघे शेजारी शेजारी बघितले. वाटी दाबून आत पाणी आहे का ते तपासलं, गुडघा वाकवून आणि पाऊल आत-बाहेर वळवून गादी चिमटते का ते बघितलं, एका पायावर अर्धवट बसायला लावलं. मग माझं काम मला करून दाखवायला सांगितलं. त्यांच्या केबिनमध्ये जमिनीवर गुडघे टेकून, मांडीवर रिपोर्टाची फाईल धरून मी नकाशा कसा काढते ते दाखवलं. त्यावर त्यांनी जे समजावलं त्यानं पुढचं सगळं बदललं.

एका गुडघ्यात तीन वेगळ्या गोष्टी होत्या. पुढचा फुगवटा म्हणजे वाटी आणि कातडी यांच्यामधल्या बर्सा नावाच्या पातळ पिशवीला आलेली सूज. ती सांध्याच्या आत नसतेच. सतत गुडघे टेकणाऱ्यांना ती होते, फरशी बसवणाऱ्या मिस्त्रींना, खाणीत काम करणाऱ्यांना. इंग्लंडमध्ये कोळशाच्या बुटक्या थरांत रांगत काम करणाऱ्या मजुरांच्या या दुखण्याला विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच कामामुळं होणारा आजार म्हणून भरपाईच्या यादीत घेतलं गेलं होतं. दुसरी गोष्ट वाटीमागची कळ. गुडघा जितका जास्त वाकलेला असताना त्यावर जोर येतो तितकी वाटी मांडीच्या हाडावर जास्त दाबली जाते. जिना चढता-उतरताना हा दाब शरीराच्या वजनाच्या साधारण तिप्पट, आणि उकिडवं बसून उठताना त्याहून बराच जास्त. मांडीचे आणि कुल्ल्याचे स्नायू थकलेले किंवा कमकुवत असले की तो दाब नीट वाटला जात नाही. आणि तिसरी, गादीची चीर, जिच्यावर रिपोर्टाचा सगळा भर होता, ती बहुधा दुखतच नव्हती.

हे शेवटचं मला पटायला वेळ लागला. त्यांनी सांगितलं की मध्यमवयीन आणि वयस्कर माणसांचे सरसकट एमआरआय काढले तर गादीच्या चिरा भरपूर सापडतात. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात चीर असलेल्यांपैकी 61 टक्के लोकांना आधीच्या महिनाभरात गुडघ्याचा काहीच त्रास नव्हता. फिनलंडमध्ये तर अशा झिजेच्या चिरांवर एका गटाचं खरं ऑपरेशन आणि दुसऱ्या गटाच्या गुडघ्यात दुर्बिणीनं नुसतं बघून, गादीला हात न लावता, लुटुपुटूचं ऑपरेशन केलं, आणि वर्षानं दोन्ही गट सारखेच सुधारलेले निघाले. ते 2013 मध्ये छापून आलं. अर्थात गुडघा मधेच अडकून बसत असेल, सरळच होत नसेल, किंवा तरुण माणसाला पाय मुरगळून ताजी इजा झाली असेल तर हिशोब वेगळा, हेही त्यांनी लगेच सांगितलं. माझा गुडघा अडकत नव्हता. ऑपरेशन नको, फिजिओकडं जा, सहा ते बारा आठवडे नेटानं व्यायाम करा, मग भेटा.

काय झालं तर वाट न बघता लगेच डॉक्टरकडं जायचं तेही त्यांनी मला सांगितलं, आणि ते मी आमच्या टीममधल्या प्रत्येकाला सांगते. फुगवटा लाल होऊन गरम लागला, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर. गुहेत गुडघे खरचटतात, त्यावरून घाण पाणी जातं आणि त्या पिशवीत पू होऊ शकतो. गुडघा मुरगळून तासा-दोन तासांत टरारून सुजला तर आत रक्त उतरलेलं असू शकतं, तिथंही वाट बघायची नाही. आणि गुवाहाटीहून इतक्या लांबच्या रेल्वेप्रवासानंतर एकच पोटरी सुजून दुखायला लागली तर तो गुडघ्याचा नव्हे, रक्ताच्या गुठळीचा संशय.

फिजिओ मॅडम राजारामपुरीत बसतात. पहिल्या भेटीत मी त्यांना विचारलं, किती दिवस विश्रांती घेऊ? त्या म्हणाल्या, "ताई, पुढची पिशवी टेकवायची नाही, तेवढीच विश्रांती. बाकी पाय चालवायचाच." कूर्चेला, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर जे गुळगुळीत आवरण असतं त्याला, रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातलं जे वंगण असतं त्यातूनच तिला पोषण मिळतं, आणि ते आत-बाहेर होतं दाब पडून सुटला की. म्हणजे हालचाल बंद केली की तिचं खाणं बंद. शिवाय पंधरा दिवस पाय न वापरता ठेवला तर मांडीचा स्नायू डोळ्यांना दिसेल इतका उतरतो आणि वाटीवरचा भार आणखी वाढतो. लोक गुडघा जपायचा म्हणून खुर्ची धरतात आणि मग जिना चढणंही होत नाही, हे त्यांनी रोज बघितलेलं होतं.

व्यायाम दिसायला साधे होते. भिंतीला पाठ टेकवून अर्धवट बसायचं आणि तसंच थांबायचं. पाठीवर झोपून कंबर उचलायची. कुशीवर झोपून वरचा पाय उचलायचा, हा कुल्ल्याच्या बाजूच्या स्नायूसाठी. टाचा उचलायच्या. आणि सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे बुटक्या पायरीवर एका पायानं उभं राहून दुसरी टाच हळूहळू जमिनीला लावायची, तीन अंक मोजत. हा करताना आरशात बघायला लावलं. माझा उजवा गुडघा दर वेळी आत, अंगठ्याच्या दिशेनं झुकत होता. डावा सरळ राहत होता. तो झुकलेला गुडघा आरशात बघितला तेव्हा मला दुखण्याचं कारण पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. तोपर्यंत सगळं ऐकीव होतं.

दुखलं तर काय करायचं याचा त्यांचा नियम मी अजून पाळते. दहापैकी तीन-चारपर्यंत दुखलं तर चालेल, व्यायाम सोडायचा नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा आदल्या दिवसासारखाच असला पाहिजे. जास्त आखडलेला, सुजलेला वाटला तर कालचं प्रमाण जास्त झालं, आज थोडं कमी करायचं. शून्यावर नाही आणायचं, कमी करायचं. या एका नियमानं माझी भीती गेली. आधी जराशी कळ आली की आत काहीतरी फाटतंय असं वाटून मी पाय उचलून घ्यायची. आता दुखण्याचं मोजमाप हातात होतं.

माझे मामा गंगावेश तालमीत घडलेले. त्यांना कळलं तेव्हा ते घरी आले, गुडघा हातानं चाचपला आणि म्हणाले, "पोरी, गुडघं धरल्यात व्हय? बैठका सोडल्यास म्हणून हे." मी म्हटलं, मामा, मॅडमनी खोल बैठका आत्ता नको म्हणून सांगितलंय. मला वाटलं ते चिडतील. पण ते म्हणाले, "बरोबर सांगितलंय. नव्या पोराला वस्ताद पहिल्या दिवशी शंभर बैठका मारायला लावतो काय? मोजक्या देतो. आठवड्यानं वाढवतो. आजारी पडून महिन्यानं आलेला पैलवान असला तरी त्याला पुन्हा खालनंच सुरू करायला लागतं." इंग्रजी पुस्तकं वाचून मला जे समजलं होतं ते खासबागेच्या मैदानात कुस्त्या खेळलेल्या माणसाला तालमीच्या शिस्तीतून माहीत होतं. भार हळूहळू वाढवायचा आणि खंड पडला तर मागून सुरू करायचं. पुढं खरोखरच मी बैठकांपर्यंत पोचले, पण पैलवानी पद्धतीनं टाचा उचलून गुडघे पुढं काढायची बैठक मी शेवटी घेतली, आणि तीही मोजकीच.

सासूबाईंचे गुडघे झिजलेले आहेत. मी भिंतीला टेकून व्यायाम करायला लागले तसं त्यांनीही हळूच विचारलं, मला चालेल का गं? मॅडमना विचारून त्यांना खुर्चीवरून हात न टेकता उठायचा-बसायचा व्यायाम दिला. आता सकाळी चहाच्या आधी आम्ही दोघी मिळून करतो. मी कंटाळले तर त्या आठवण करतात. वजनाचंही त्यांच्यामुळंच मनावर घेतलं. चालताना दर पावलाला गुडघ्यावर जो भार येतो तो अंगावरचं एक किलो उतरलं की साधारण चार किलोंनी कमी होतो, हे मॅडमनी त्यांना समजावताना मीच शेजारी बसून ऐकत होते. रविवारचा तांबडा-पांढरा सुटला नाही, पण त्याच्याबरोबरचा भात अर्ध्यावर आला.

सायकल हा मला सापडलेला मोठा आधार. सीट उंच ठेवली, म्हणजे पायडल खाली गेल्यावर गुडघा जवळजवळ सरळ होईल इतकी, की वाटीवर जोर कमी येतो आणि मांडी मात्र पुरती राबते. सुरुवातीला रंकाळ्याला चक्कर, मग पंचगंगेच्या पुलापलीकडं, आणि बऱ्याच महिन्यांनी वाघबिळापर्यंत. पन्हाळ्याचा घाट अजून मी हलक्या गिअरवरच चढते.

आता पॅडविषयी, कारण गुहेत जाणाऱ्यांना खरं तेच हवं असतं.

बाजारात मिळणारे गुडघ्याचे पॅड मी आधी वापरत होतेच. प्लॅस्टिकची कडक वाटी पुढं असलेले पॅड ओल्या दगडावर सरकतात, आणि सरकू नयेत म्हणून गुडघा आपोआप आवळला जातो. त्यांचा पट्टा गुडघ्याच्या मागच्या खळीतून जातो. दोन तास रांगलं की तिथं कातडी सोलवटते आणि पाय बधिर व्हायला लागतो. पट्टा सैल केला की पॅड घसरून नडगीवर. शिवाय पॅड कपड्यांच्या बाहेर असले की आत वाळू जाते, आणि वाळू गेलेला पॅड नुसता दगडच बरा असं वाटायला लावतो.

मी जवाहरनगरात चप्पल करणाऱ्या एका कारागिरांकडं गेले. कोल्हापुरीचे तळ शिवण्यात त्यांची हयात गेलेली. जुना पॅड, पाणबुड्यांच्या पोशाखाचं निओप्रीन कापड आणि माझं चित्र त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ताई, भार नेमका कुठं येतो?" मी तिथंच फरशीवर रांगून दाखवलं. त्यांनी खडूनं माझ्या सलवारीवर दोन खुणा केल्या, एक वाटीच्या वर, एक वाटीखाली हाड लागतं तिथं. मग जो पॅड तयार झाला तो असा: आत निओप्रीनची नळी, मांडीच्या मध्यापासून पोटरीच्या वरच्या भागापर्यंत. पुढं चपलेच्या तळव्याला लावतात त्या फोमचे दोन थर, त्यातल्या आतल्या थराला वाटीच्या मापाचं गोल भोक, म्हणजे वजन वाटीवर न येता तिच्या भोवतीनं वाटलं जातं आणि ती पुढची पिशवी चेंगरत नाही. सगळ्यात बाहेर ट्रकच्या ट्यूबचं रबर, ओल्या दगडावरही धरून राहणारं. मागची खळी पूर्ण मोकळी, तिथं पातळ कापडच. आणि गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना त्यांनी चुण्या घेतल्या, त्यामुळं पॅड आधीच थोडा वाकलेला राहतो आणि दर वेळी वाकवताना त्याच्याशी झगडावं लागत नाही. ही चुण्यांची कल्पना पूर्ण त्यांची. मी हा पॅड पायमोज्यासारखा आत घालते, वरून गुहेतला जाड पोशाख. पॅडला वर दोन नाड्या आहेत, त्या कमरेच्या पट्ट्याला बांधल्या की तो खाली येतच नाही.

पॅडनं कातडी आणि पुढची पिशवी वाचते. वाटीमागचा दाब पॅडनं कमी होत नाही, त्यासाठी चालच बदलावी लागते, आणि इथं मला सगळ्यात जास्त शिकावं लागलं. छत कमरेइतकं खाली आलं की बहुतेकजण बदकासारखे उकिडवे चालतात, पाठीवर पिशवी तशीच ठेवून. गुडघ्याला याहून वाईट काही नाही. पूर्ण वाकलेला गुडघा, त्यावर सगळं वजन आणि प्रत्येक पावलाला पीळ. गादीला ताज्या चिरा जातात त्या अशाच वेळी. मी आता तशी जागा आली की सरळ हातागुडघ्यांवर उतरते आणि पिशवी पुढं ढकलते किंवा मागं दोरीनं ओढते. जागा त्याहून बुटकी असली तर कुशीवर होऊन मांडी आणि कोपर यांवर सरकते. गुडघा हवेतच राहतो. उंच दगडावरून खाली उतरताना उडी कधीच नाही, मांडीभर उंचीची असली तरी. बसायचं, हात टेकायचे, पाय खाली सोडायचे. वळायचं असेल तर पाऊल उचलून वळायचं. रुतलेल्या पावलावर अंग फिरवायचं नाही, कारण गाळात गमबूट अडकलेला असतो आणि फिरतो तो फक्त गुडघा.

नकाशाच्या कामासाठी मी फोमचं एक लहानसं बसकर करून घेतलं. ते पिशवीच्या बाहेर लटकतं. खुणेपाशी पोचले की गुडघे न टेकता त्यावर बसायचं, पाय जमतील तितके लांब सोडायचे. जिथं बसायला जागाच नाही तिथं एकच गुडघा टेकायचा आणि पुढच्या खुणेला दुसरा. पाण्यात बसावं लागलं तर मात्र बसकराचा उपयोग नाही, तिथं चित्र झटपट आटपायचं आणि तपशील पुढच्या कोरड्या जागी भरायचा. डिस्टोएक्सवाला आता आकडे लांबून ओरडून न सांगता माझ्याजवळ येऊन सांगतो, म्हणजे नीट ऐकू येत नाही म्हणून मला सारखं पुढं वाकावं लागत नाही. हे मी मागितलं आणि टीमनं लगेच मान्य केलं.

दोरावर चढण्याचा सराव आम्ही शियेच्या बाजूला एका मळ्यातल्या बांधीव विहिरीत करतो. ऊसतोड झाली की मालक आम्हाला येऊ देतात. बेडूक-पद्धतीत दर खेपेला दोन्ही पाय दुमडून पुन्हा ताठ करायचे असतात, म्हणजे बैठकाच. गुडघा वाचवायचा तर तीन गोष्टींकडं बघायचं. छातीवरचा क्रोल, म्हणजे दोरावर फक्त वरच सरकणारी पकड, घट्ट बसलेला हवा, नाहीतर प्रत्येक खेपेला मिळालेली उंची ढिलाईत जाते. पायातल्या फासाची लांबी अशी की उभं राहिल्यावर जुमार, म्हणजे हातातली तसलीच पकड, क्रोलच्या थोडाच वर येईल. आणि पावलं पुढं न फेकता कुल्ल्याखाली, एकत्र. खेपा लहान घेतल्या तर जास्त घ्याव्या लागतात, पण गुडघा कमी वाकतो. मी विहिरीत आधी लांब खेपा घेऊन बघितल्या, मग आखूड. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघ्यानं उत्तर दिलं.

आत जाण्याआधी वेदनाशामक गोळी घेण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी बघितली आहे. मी घेत नाही. दुखणं दाबून पुढं गेलं की परतीची वाट तितकीच शिल्लक असते, आणि गोळीचा अंमल तोवर उतरलेला असतो. शिवाय गुहेत पाणी कमी प्यायलं जातं, घाम येतो, अशा वेळी डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या किडनीला जड जातात. बाहेर आल्यावर, जेवून, डॉक्टरांनी सांगितली असेल तर घ्यावी.

गुडघा दुखतोय हे सांगायला लोक लाजतात. मला याचं फार वाटतं. चौघांपेक्षा कमी माणसांनी गुहेत जायचं नाही हा नियम त्यासाठीच आहे: एक जायबंदी झाला तर एकजण त्याच्यापाशी थांबतो आणि दोघं मदत आणायला जातात. रांगत गेलेल्या वाटेनं चालू न शकणाऱ्या माणसाला बाहेर काढायला तासांचा नव्हे, दिवसांचा प्रश्न होऊ शकतो. म्हणून आम्ही आत शिरण्यापूर्वी प्रत्येकाला विचारतो, आज कुठं दुखतंय? आणि ज्याचं दुखतंय त्याच्या हिशोबानं परत फिरायची वेळ ठरवतो. ताकद अर्धी संपायच्या आत वळायचं.

पुन्हा गुहेत गेले ती एकदम नाही. आधी मसाई पठारावर चालणं, हातात दोन काठ्या घेऊन, कारण उतारावर काठ्या गुडघ्याचा बराच भार हातांवर घेतात. मग गच्चीवर खुर्च्यांची रांग लावून त्याखालून रांगण्याचा सराव. सासूबाई कठड्याशी बसून वेळ लावायच्या. मग विहीर. आणि त्यानंतरच्या फेब्रुवारीत मेघालय, पण पहिल्या आठवड्यात एक दिवस गुहा आणि एक दिवस तळावर वहीतले नकाशे पक्के करणं, असं वाटून घेतलं. मोहिमेच्या शेवटी उजवा गुडघा थोडा जड होता. फुगवटा आला नाही. पायऱ्या उतरताना अधूनमधून वाटी कटकट वाजते, पण ती दुखत नसेल तर त्या आवाजाला घाबरायचं कारण नाही, असं मॅडमनी सांगितलंय आणि मी घाबरत नाही.

पॅडचं बाहेरचं रबर एका हंगामात पातळ होतं. आतला फोमही दबतो, अंगठ्यानं दाबून तो परत वर येत नसेल तर बदलायचा. या वेळी त्याच कारागिरांकडं टीममधल्या आणखी काहीजणांची मापं दिली आहेत. पोटरीचा घेर एकदा उभं राहून आणि एकदा गुडघा पूर्ण वाकवून, असा दोनदा मोजून आणा असं त्यांनी सांगितलं, कारण वाकल्यावर पोटरी फुगते आणि उभ्यानं मापलेली नळी आत रुतते. शिवायला टाकण्याआधी ते दोन्ही आकडे कागदावर लिहून न्या.